स्टेअरिंगचा प्ले शोधताना

(दृश्य: गॅरेजची फरशी. चारही चाकांवर उभी असलेली गाडी. कॅमेरा बंपरच्या खालून आत.)

ही २००१ सालची डॉज रॅम २५००. फोर बाय फोर, कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन. नुसत्या इंजिनाचंच वजन ५०० किलोच्या आसपास, आणि ते जवळजवळ सगळं पुढच्या एक्सलवर. अमेरिकेत घोड्यांचे ट्रेलर नाहीतर ट्रॅक्टर ओढायला अशा हेवी ड्यूटी पिकअप ठेवतात.

या गाड्यांची तक्रार सहसा दोन टप्प्यांत येते. आधी गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. ही ढिलाई म्हणजेच प्ले. मग एके दिवशी ताशी ८०-९० च्या वेगात पुलाच्या सांध्यावरून चाक जातं आणि पुढची दोन्ही चाकं थडाथडा हलायला लागतात. वेग बराच खाली आणल्याशिवाय ते थांबत नाही. तिकडचे ड्रायव्हर याला 'डेथ वॉबल' म्हणतात. एकदा अनुभवलं की नाव भडक वाटत नाही.

(दृश्य: आडवा बसवलेला स्टेअरिंग डॅम्पर.)

बहुतेक जण पहिला हात याला लावतात, स्टेअरिंग डॅम्परला, म्हणजे स्टेअरिंगचे झटके शोषणाऱ्या शॉक अब्सॉर्बरला. स्वस्त आणि बदलायला सोपा. नवा बसवला की थरथर काही दिवस दबतेही. पण ही तापाची गोळी झाली. झिजलेला सांधा आत झिजतच राहतो. आमचं मत विचाराल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या डॅम्परवर एक पैसा घालू नये.

सुरुवात टायरच्या हवेपासून. रिकामी गाडी म्हणून चारही टायरमध्ये सारखीच कमी हवा ठेवणारे पुष्कळ. मागचा भाग रिकामा असेल, पुढे इंजिन आहेच की! दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा दिलेला असतो. तो पाहायचा.

आता खरी परीक्षा. तिला फक्त दोन माणसं लागतात. गाडी जॅकवर घ्यायची नाही, चाकांवर वजन हवंच. हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, इंजिन चालू. एकानं आत बसून स्टेअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली आडवं होऊन बघायचं, की ही हालचाल चाकापर्यंत पोचता पोचता नेमकी कुठे हरवते.

वरून सुरुवात केली तर आधी येतो स्टेअरिंगचा शाफ्ट आणि त्याचा क्रॉस जॉइंट. मग चॅसीच्या डाव्या अंगाला बसवलेला स्टेअरिंगचा गिअर बॉक्स. त्यात जाणारा शाफ्ट फिरतोय पण बॉक्समधून खाली निघालेला दांडा, म्हणजे ड्रॉप आर्म, जागचा हलत नाही, तर प्ले बॉक्समध्ये आहे. बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो आवळला की प्ले कमी होतो. मोह होतो. पण प्ले भलतीकडे असताना हा स्क्रू आवळला की बॉक्स जाम होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपसूक मागे येत नाही. एका दुखण्याची दोन दुखणी. बॉक्सचे बोल्ट आणि त्यांच्याजवळची चॅसीही बघायची. तिथे तडा असेल तर अख्खा बॉक्सच हलताना दिसतो.

ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक नावाचा लांब दांडा उजव्या चाकाकडे जातो, आणि डाव्या चाकाकडून येणारा दांडा, टाय रॉड, त्यालाच मधे जोडलेला असतो. रॉड स्वतःभोवती किंचित गोल फिरला तर घाबरू नका, बॉल जॉइंटचं, म्हणजे वाटीत बसलेल्या गोळ्याच्या सांध्याचं, ते कामच आहे. टाय रॉडच्या टोकाचा सांधा, टाय रॉड एंड, वर-खाली उचलला गेला किंवा ठक आवाज आला, तर तो गेला.

(दृश्य: अगदी जवळून, ट्रॅक बारचं चॅसीकडचं टोक.)

इथे थांबा. हा ट्रॅक बार. पुढचा एक्सल कॉइल स्प्रिंगवर आहे, आणि स्प्रिंग काही त्याला आडवं धरून ठेवत नाही. ते काम या एका तिरप्या दांड्याचं. जुन्या जीपमध्ये पुढेही पाटे असायचे, ते एक्सलला बाजूला सरकू देत नसत, त्यामुळे असा बार नसला तरी चालायचं. या पिढीच्या रॅममध्ये बारच्या चॅसीकडच्या टोकाला बॉल जॉइंट आहे आणि पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. पाहा: रबरी टोपी फाटलीय, कडेनं गंजाची तांबूस भुकटी साठलीय. स्टेअरिंग हललं की आधी हा बॉल आपल्या वाटीत दोन-तीन मिलिमीटर सरकतो. म्हणजे चाकं वळण्याआधी एक्सलच बाजूला जातो. हाच प्ले वेगात आणि खड्ड्यात थरथर सुरू करून देतो. एक्सल अखंड असल्यामुळे एका चाकाचा झटका दुसऱ्याला बसतो, दुसऱ्याचा पहिल्याला.

इथे काहीच सापडलं नाही तरच जॅक लावायचा. टायरखाली पहार घालून चाक वर उचलून पाहायचं आणि नकलच्या (एक्सलच्या टोकाला चाक धरून वळणारा भाग) वरच्या-खालच्या बॉल जॉइंटवर नजर ठेवायची. हबचं बेअरिंगही तेव्हाच कळतं.

स्टेअरिंग ढिलं नसून जड असेल, तर प्रकरण वेगळं. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, म्हणून या गाडीत ब्रेकची मदतही पॉवर स्टेअरिंगच्या पंपाकडूनच घेतात. स्टेअरिंग जड आणि ब्रेकही कडक, अशी जोडीनं तक्रार आली तर आधी पट्टा, ऑइलची पातळी आणि पंप बघा. ऑइलला फेस असेल तर आत हवा शिरलीय.

गाडी लिफ्ट किट घालून उंच केली असेल, तर कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, तपासून घ्या. तो कमी झाला की सगळे सांधे नवे असूनही गाडी भटकते.

(दृश्य: नवा ट्रॅक बार बसतोय.)

बार बदलताना एक्सलकडच्या बुशचा (रबरी सांध्याचा) बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळायचा. हवेत आवळला तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. एक्सल मूळ जागी आल्यामुळे सरळ जातानाही स्टेअरिंग थोडं वाकडं दिसेल. ते ड्रॅग लिंकच्या स्लीव्हवर (लांबी कमी-जास्त करायची नळी) सरळ करून मग अलाइनमेंटला न्यायचं.