मेंढी आजारी, मग रक्त माझं कशाला?

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन कोकणात उतरतात आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातही भातकापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात. पशुवैद्यक म्हणून अशा वाड्यांवर फिरताना मला एकच काळजी लागून राहते. डासांमार्फत जनावरांत पसरणारा एखादा नवा विषाणू या भागात आला आणि माणसांपर्यंत पोहोचला, तर ते आपल्याला कळणार कसे?

ही काळजी उगीच नाही. रिफ्ट व्हॅली ताप हा आजार १९३१ मध्ये केनियातील नैवाशा सरोवराच्या परिसरात मेंढ्यांमध्ये प्रथम ओळखला गेला. त्यात कळपातल्या गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडतात आणि कोकरे पटापट दगावतात. अनेक दशके आफ्रिकेपुरता राहिलेला हा आजार २००० च्या सप्टेंबरात सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये आढळला. माणसाला तो डास चावूनही होतो. पण बहुतेकांना तो होतो आजारी जनावराचे रक्त, मांस किंवा पडलेला गर्भ हाताळल्यामुळे. बहुतेक रुग्णांना ताप आणि अंगदुखी एवढेच होते, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण पावसाळ्यानंतर ठाण्यात असा ताप आला की डॉक्टर आधी डेंगी आणि मलेरियाच तपासतात.

विषाणू रक्तात थोडेच दिवस सापडतो. त्यानंतर उरतात त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. त्यांतील आयजीएम हे अलीकडच्या संसर्गाचे चिन्ह असते, तर आयजीजी वर्षानुवर्षे टिकते. म्हणून गवळी, मेंढपाळ, खाटीक आणि आम्ही पशुवैद्यक यांच्या रक्ताची तपासणी करायची आणि सोबत जनावरांशी कधी संबंध न आलेल्या शहरवासीयांचे नमुने तुलनेसाठी ठेवायचे, हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो.

एका वाडीवर अडलेल्या मेंढीचे कोकरू नुकतेच ओढून काढलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते आणि बोटांना भेगा होत्या. त्याने विचारले, "डॉक्टर, आजारी मेंढी हाय, मग रक्त माझं कशाला?" मी त्याच्या भेगांकडे बोट दाखवून म्हटले, "मामा, तिचं रक्त इथून तुमच्यात जातं." मग त्याने काही न बोलता हात धुतले आणि बाही वर केली.

मात्र एका चाचणीवर निकाल ठरवू नये. उदाहरणार्थ, जपानी मेंदूज्वर आणि डेंगी यांचे विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही उमटू शकतात, आणि डेंगी होऊन गेलेल्यांची आपल्याकडे कमतरता नाही. त्यामुळे एलायझा या प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत होकारार्थी आलेले रक्तजल, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला पातळ भाग, जिवंत विषाणूला पेशींमध्ये वाढण्यापासून खरोखर रोखते का, हे पाहावे लागते. अशा घातक विषाणूंवर काम करण्यासाठी सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आहे. ताप असलेल्या माणसाचा दुसरा नमुना दोन-तीन आठवड्यांनी घेऊन प्रतिपिंडे वाढली का, हेही तपासावे लागते. मेंढपाळाच्या बाबतीत हेच सर्वांत अवघड, कारण तोवर त्याचा वाडा पुढच्या गावी हललेला असतो. म्हणून आता पहिला नमुना घेतानाच मी पुढच्या मुक्कामाचे गाव विचारून बाटलीवर नावाखाली लिहून ठेवतो.