अण्णांची धामण

(दृश्य: आचऱ्याची खाडी, सकाळ. मांगराची (कामाच्या खोपटाची) कडी काढणारा हात.)

धामण म्हटलं की आमच्याकडे माणसं आधी पायाखाली बघतात. सापाचंच नाव ते. पण धामण नावाचं झाडही आहे. त्याची साल दोरखंडाला चालते, बारीक फळं पोरं खातात, आणि लाकूड असं की वाकतं आणि परत सरळ होतं. वल्ह्याला धामण, कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, कावडीला धामण. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात. भावप्रकाशात तर सरळ धनुर्वृक्ष असं नाव आलंय. म्हणजे या लाकडाचं काय करायचं, हे आम्ही दोघांनी काही नव्यानं शोधून काढलेलं नाही.

दोघं म्हणजे मी आणि अण्णा. मी शाळेत गणित शिकवायचो. अण्णा होड्या बांधायचे. फायबरच्या होड्या आल्या, लाकडी होडीचं काम डागडुजीपुरतं उरलं, आणि अण्णांच्या हातांना वेळ मिळाला. माझं म्हणाल तर निवृत्तीनंतरची हौस. सगळ्या गावात धनुष्य करणारे आम्ही दोघंच. लोक विचारायचे, "कुठल्या पक्षाचं?" कोणी म्हणायचं, "मास्तर, शिवधनुष्य उचललंत!" अण्णा अशा वेळी विडी शिलगावायचे आणि खाडीकडे बघत बसायचे.

गेल्या पावसात अण्णा गेले.

(दृश्य: मांगराचा आतला भाग. भिंतीला टेकवलेली लांब काठी. त्यावर पेन्सिलीच्या खुणा.)

ही त्यांची शेवटची काठी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा अण्णांच्या काजूच्या बागेतली एक धामण मुळासकट आडवी झाली. पाऊस लागायच्या आत तिचे चार भाग केले. करवतीनं कापले नाहीत, पाचरी ठोकून फोडले. करवत सरळ जाते, लाकडाचा धागा तसा जातोच असं नाही. फोडलं की लाकूड आपल्या धाग्यानंच उलतं आणि तो धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. दोन्ही टोकांना होडीचा उरलेला ऑइलपेंट फासला, नाहीतर टोकं आधी सुकतात आणि तडकतात. मग चारही काठ्या काकींच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, चुलीवर टांगल्या. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड सुकवायला चुलीवरची जागा सोडून दुसरी जागा मला तरी माहीत नाही. मासे तोलायच्या काट्यावर दर महिन्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं, की लाकूड तयार.

चारातली एक माझ्या हातात मोडली. एक भुंग्यानं खाल्ली. एकीचं मी केलेलं धनुष्य माझ्या घरी आहे. चौथी अण्णांनी स्वतःसाठी ठेवली होती. वाकसानं ढोबळ आकार देऊन झाला होता, मूठ काढली होती, आणि तिथंच काम थांबलं.

दिवसकार्य आटोपल्यावर काकींनीच ती बाहेर काढली. म्हणाल्या, "चुलीत घालूक माझो हात धजना नाय. तुमी घेवन जावा." मी घरी नेली नाही. म्हटलं, इथंच करतो.

(दृश्य: काठीची पाठ, अगदी जवळून.)

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. ओढणाऱ्याकडे येतं ते पोट, समोर जाते ती पाठ. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरचा एखादा धागा तुटलेला असेल तर तिथूनच चीर पडते. म्हणून साल सोलल्यावर खाली जो गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो, त्याला हत्यार लावायचं नाही. अण्णांनी तिथं पेन्सिलीनं लिहिलंय, "पाठ. हात लावू नये." मिठाईच्या दुकानातल्या पाटीसारखं.

पोटाच्या बाजूला, वरच्या भागात, एक गाठ आहे. वाटाण्याएवढी. तिच्याभोवती त्यांनी एक गोल काढलाय आणि शेजारी लिहिलंय, "हय थांब", म्हणजे इथं थांब. गाठीभोवती लाकडाचा धागा वळसा घालून जातो, ती जागा कमजोर असते, तिथं थोडं जास्त लाकूड राखावं लागतं. मी असतो तर गाठ असलेली काठी निवडलीच नसती. अण्णा होडीवाले. गाठ नसलेलं लाकूड शोधत बसले असते तर त्यांची एकही होडी पाण्यात गेली नसती.

(दृश्य: भिंतीवर खुंटी. खुंटीवर आडवं धनुष्य, दोरी कप्पीतून खाली.)

सगळा जीव या कामात आहे. धनुष्य खुंटीवर ठेवायचं, कप्पीतून दोरी ओढायची, आणि लांब उभं राहून बाक बघायचा. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का? कुठं ताठ आहे? जिथं ताठ, तिथलं पोट किसायचं. मग पुन्हा ओढायचं. वीस-तीस वेळा हळूहळू ओढून नवा आकार अंगवळणी पाडायचा, मगच दोन बोटं पुढं जायचं.

इथं माझं गणित कामाला येतं. रुंदी निम्मी केली तर धनुष्याचा जोर निम्मा होतो. पण जाडी निम्मी केली तर जोर आठवा हिस्सा उरतो. घनाचा हिशोब आहे तो. म्हणून शेवटी रंधा बाजूला ठेवायचा आणि फुटक्या काचेनं किसायचं. काचेचा कीस कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो. अण्णांना घन-बिन ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "मास्तरानू, लाकूड काढूक येता, लावूक येणा नाय."

मला हे धनुष्य २० किलोचं हवं होतं, म्हणजे पूर्ण ओढायला २० किलोचा जोर लागेल असं. अण्णांची धनुष्यं तेवढीच असायची. काटा तोच, माशांचा, हुकाला दोरी अडकवून.

चौथ्या दिवशी चूक लक्षात आली.

गाठीपासून चार बोटांवर धनुष्य कोपरासारखं दुमडत होतं. बाकी सगळा बाक छान, आणि तिथं एकदम कोन. कारण सरळ होतं. अण्णांनी काढलेल्या गोलाला मी काच लावतच नव्हतो. आत नाही, बाहेर नाही, रेघेला स्पर्शसुद्धा नाही. बाकीचं लाकूड पातळ होत गेलं आणि तेवढा टापू जाड राहिला. जाड भाग वाकत नाही, मग त्याच्या वाटणीचं वाकणं शेजाऱ्याला करावं लागतं. आणखी दहा वेळा ओढलं असतं तर तिथंच तुटलं असतं.

"हय थांब" लिहिलं तेव्हा काठी अंगठ्याएवढी जाड होती. तेव्हाची खूण ती. पुढं तिथंही किसावं लागणार, हे अण्णांना माहीत होतंच. पेन्सिलीनं लिहिलेलं पुसण्यासाठीच असतं, हे शाळेत पोरांना मीच सांगायचो.

(दृश्य: काच, हात, कीस. इथं संगीत नको. फक्त काचेचा आवाज.)

मी तो गोल किसला. आधी "हय" गेलं, मग "थांब". ते अक्षर असलेला कीस खाली पडला, बाकीच्या किसात मिसळला. संध्याकाळी काकींनी मांगर झाडला आणि सगळा कीस चुलीत घातला. मी काही बोललो नाही.

बाक दुरुस्त झाला, पण फुकट नाही. अशक्त जागा सांभाळायची म्हणजे बाकी सगळीकडून लाकूड काढायचं. काटा २० वरून १७ वर आला.

(दृश्य: खाडीकाठची रुई. पांढरी-जांभळी फुलं.)

दोरीचं सांगायला हवं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यं ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, अर्क, ताग, बांबू आणि स्नायू, म्हणजे जनावरांच्या कंडरा, अशी यादी आहे. अर्क म्हणजे ही रुई. मारुतीला हिच्या पानांची माळ घालतो, तीच. हे मी वाचून दाखवल्यापासून अण्णांनी रुईचा ध्यास घेतला होता. दांडे सुकवायचे, ठेचायचे, रेशमासारखे धागे काढायचे आणि मांडीवर वळायचे. दोन संध्याकाळी घालवून हातभर दोरी व्हायची. मला तेवढा धीर नाही. मी पॉलिएस्टरचा जाड शिलाईचा दोरा बारा पदरी वळला आणि मेण लावलं. जाळ्याचं नायलॉन चालत नाही, ते ताणत राहतं.

वाचून दाखवायचं काम माझं आणि त्यावर बोलायचं काम त्यांचं, असं ठरल्यासारखंच होतं. १९९१ साली आल्प्समध्ये बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओट्झी. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचं धनुष्य होतं, १.८२ मीटर लांब, अपुरं. बाण चौदा, त्यातले दोनच तयार. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सुतार तेवापासून येळेर काम देणत नाय." २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जागतिक विजेते झाले, तेव्हा टीव्हीवर त्यांचं कप्प्या लावलेलं धनुष्य बघून विचारलं, "ह्येका सायकलीची चाकां कित्याक?" पण सामना संपेपर्यंत उठले नाहीत.

(दृश्य: वाटीत काळपट तेल, चिंधी.)

वरून डिंबेल. काजूच्या टरफलाचं तेल, होडीला लावतात तेच. अंगाला लागलं तर कातडं सोलवटतं, म्हणून मूठ सोडून लावायचं, लगेच पुसायचं आणि बरेच दिवस हात लावायचा नाही. बाटली अण्णांची, अर्धी भरलेली.

(दृश्य: संध्याकाळ. माडाच्या बुंध्याला बांधलेला भाताचा पेंढा.)

पहिला बाण पेंढ्याच्या वरून गेला. दुसरा पेंढ्यात. तिसरा काकींनी मारला. त्यांना १७ किलो ओढवलं नाही, निम्मंच ओढलं. बाण पेंढ्याच्या अलीकडे वाळूत पडला. त्या हसल्या, आणि मग घरात गेल्या.

अण्णांची एक खोड होती. मी घरी निघालो की मागून ओरडायचे, "मास्तरानू, दोरी काढल्यात काय?" दोरी चढवूनच ठेवलं तर लाकूड त्या बाकाची सवय लावून घेतं आणि जोर जातो. मी नेहमी विसरायचो. "रातभर असे वाकान रवशात काय तुमी?"

त्या दिवशीही विसरलो. पाणंदीच्या वळणापर्यंत गेलो होतो. परत आलो, मांगराची कडी काढली, अंधारात चाचपून खालचं टोक पायाला टेकवलं आणि दोरी उतरवली. धनुष्य सरळ झालं. अगदी सरळ नाही, दोन बोटं बाक राहिला. खुंटीला टांगलं आणि कडी लावली.