आजीच्या पाट्या

(टेबलावरचं घमेलं पुढे ओढत)

नमस्कार. हे घमेलं माझ्या आजोळचं, माण तालुक्यातलं. आजी याला पाटी म्हणायची. "काय चाललंय ऑफिसात?" असं कुणी विचारलं की आपण म्हणतो ना, "काही नाही, पाट्या टाकतोय", त्यातली ही पाटी. मातीकामावर पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, नेऊन ओतायची, परत यायचं. संध्याकाळी मस्टरवर हजेरी. जीव न ओतता केलेल्या कामाला मराठीने नाव दिलं ते यावरून.

माझ्या आजीने या पाट्या खरोखर टाकल्या आहेत, १९७२च्या दुष्काळात. तेव्हा महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली होती आणि मे १९७३मध्ये त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. आजीने दोन प्रकारची कामं केली. आधी काही महिने खडी फोडली. नंतर गावाजवळच्या पाझर तलावाच्या भरावावर माती वाहिली.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते इथे आहे. दोन्हीकडे ऊन तेच होतं, मुकादमाची ओरड तीच, पोटात मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. पण खडीबद्दल आजी कधी बोलली नाही. खोदून विचारलं तर म्हणायची, "फोडली, ढीग लावले, ढीग तिथंच ऱ्हायले." तलावाचं मात्र वेगळं. आम्ही नातवंडं सुट्टीत गेलो की ती आम्हाला बांधावर न्यायची आणि हाताने दाखवायची, "इथनं त्या बाभळीपतोर आमची टोळी हुती. ह्यात माझ्या पाट्या हायेत."

काम करताना मन लागत नसेल तर आपण पहिला दोष स्वतःला देतो, मी आळशी आहे म्हणून. नाहीतर कामाला देतो, हे कामच रटाळ आहे म्हणून. मला वाटतं, खूपदा तिसरंच काहीतरी हरवलेलं असतं. आपण केलेलं पुढे कुठे जातं, ते आपल्याला दिसत नाही.

याचा एक साधा प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झाला. डॅन एरियली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेच यांचा, प्रसिद्ध झाला २००८मध्ये. कागदावर अक्षरांची नुसती सरमिसळ, त्यातून 'एस' या अक्षराच्या जोड्या शोधायच्या. पहिल्या कागदाला ५५ सेंट, मग दर कागदाला ५ सेंट कमी. कंटाळा आला की थांबा. पहिल्या गटाचा कागद तपासनीस घ्यायचा, त्यावर एक नजर टाकायचा आणि फाइलमध्ये ठेवायचा. दुसऱ्या गटाचा कागद न बघताच गठ्ठ्यावर. तिसऱ्या गटाचा कागद त्यांच्या डोळ्यांदेखत कापायच्या यंत्रात!

पहिल्या गटाने सरासरी ९ कागद केले. यंत्रवाल्यांनी सव्वासहाच्या थोडे वर. मला धक्का बसला तो मधल्या गटाचा: पावणेसात. म्हणजे कुणी न बघणं आणि केलेलं काम समोर फाडून टाकणं, या दोन्हींत माणसाला फारसा फरक वाटला नाही.

हा आकडा वाचला तेव्हा मला माझी पहिली नोकरी आठवली. दर शुक्रवारी एक अहवाल करायचा, चाळीस-पन्नास ओळींचा, आकडे जुळवता जुळवता डोळे दुखायचे. दीड वर्षाने चुकून मी आदल्या आठवड्याचीच फाइल पाठवली. कुणाचा फोन नाही, मेल नाही. त्या शुक्रवारी घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. तिथून पुढे मी पाट्या टाकायला लागले. पगार तोच होता, वेळ तीच होती.

आणि उलटं करून बघितलं तर? २००७मध्ये अ‍ॅडम ग्रँट यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारी मुलं होती. दिवसभर नकार ऐकायचा, हेच काम. त्यांतल्या काहींची भेट त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली, अगदी थोडा वेळ. महिन्याभराने त्या मुलांचा फोनवरचा वेळ जवळजवळ अडीच पट झाला होता, जमवलेली रक्कम जवळजवळ पावणेतीन पट. पगार वाढला नव्हता, भाषणही कुणी दिलं नव्हतं.

आता मी रुग्णालयांची उपकरणं बनतात अशा ठिकाणी खरेदी विभागात आहे. दिवसभर कोटेशनं, ऑर्डरी, फोन. दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसच्या माणसाला विचारून मी त्याच्याबरोबर एका रुग्णालयात गेले. काचेपलीकडे वॉर्मरखाली, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणाऱ्या उपकरणाखाली, एक बाळ झोपलेलं, माझ्या तळहाताएवढी त्याची पाठ. त्या वॉर्मरचा हीटर मी मागवलेला होता. हीटर चार दिवस उशिरा आला तर काय होतं, हे मला त्याआधी नुसतं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. हे मजुरीऐवजी चालत नाही. आजी बांधावर गेली ती पोटासाठी. दाम बुडवायचे आणि "कामात आनंद शोधा" म्हणायचं, हा अन्याय आहे, आणि तो सहन करू नये.

पण पैसे रीतसर मिळताहेत आणि तरी सगळं कोरडं वाटतंय, असं असेल तर या आठवड्यात एवढं करा. तुमच्या हातून गेलेली एक वस्तू, एक फाइल, एक डबा, काहीही घ्या. ज्याच्याकडे ती पोचते त्याला गाठा आणि विचारा, "याचं पुढे काय होतं?" शक्य असेल तर जाऊन बघा. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर त्यांनी विचारायची वाट बघू नका. त्यांनी दिलेलं उघडा, वाचा, आणि त्यातलं काय उपयोगी पडलं ते त्यांना नाव घेऊन सांगा. दोन मिनिटं लागतात.

आजी आता नाही. गेल्या पावसाळ्यात माणमध्ये चांगला पाऊस झाला आणि मामाने रात्री एक व्हिडिओ पाठवला. अंधारात नीट दिसत नाही, सांडव्यावरून पाणी जातानाचा आवाज तेवढा येतो. मग मामा बॅटरी बांधावर फिरवतो, बाभळीपर्यंत नेतो आणि म्हणतो, "बघ गं, आईच्या पाट्या धरून हायेत."