अपग्रेड झालं, पण प्रोटेक्शन चालू आहे का?

रिस्टोर पॉइंट म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली सिस्टिमची त्या वेळची घडी; बिघाड झाला तर तिच्यावर परत जाता येतं. त्याची आठवण आपल्याला अडचणीतच होते. माझंही तसंच झालं. विंडोज १० वरून ११ वर येऊन काही आठवडे लोटले होते. एका रात्री डिस्प्लेचा ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम) बदलला आणि स्क्रीन काळी पडली. रिकव्हरीच्या मेनूतून सिस्टिम रिस्टोर उघडलं, तर एकही रिस्टोर पॉइंट नाही. हे पॉइंट बनवणारं सिस्टिम प्रोटेक्शन मी स्वतःच्या हाताने चालू केलं होतं, दोन वर्षांपूर्वी! पण ते जुन्या विंडोजमध्ये.

इथेच गोम आहे. मोठं अपग्रेड म्हणजे जुन्याला लावलेलं ठिगळ नव्हे. नवी विंडोज पूर्ण मांडली जाते आणि जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जाऊन बसते. जुने रिस्टोर पॉइंट त्या जुन्या घडीचे असतात. त्यातली रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, नव्या सिस्टिमवर आणून बसवली, तर मशीन सुरूच व्हायचं नाही. त्यामुळे ते पुसले जातात, हे मला पटतं. पटत नाही ते दुसरंच: पुष्कळदा प्रोटेक्शनचा स्विचही बंद होतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. माणूस आपला निर्धास्त.

जुन्या विंडोजवर परत नेणारं ‘गो बॅक’ आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण साधारण १० दिवसच. त्याआधी डिस्क साफ करताना जुनी विंडोज उडवलीत, तर तेही नाही. रजिस्ट्रीची प्रत तरी असेल? पूर्वी ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये ती आपोआप पडायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तेही थांबलं. आज तो फोल्डर उघडलात तर फायली दिसतील, पण आकार शून्य केबी. जागा वाचवण्यासाठी हे मुद्दाम केलं, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय, आणि त्याऐवजी रिस्टोर पॉइंट वापरा म्हणून सुचवलंय. मग तोच चालू आहे ना, हे आपण बघायला नको?

म्हणून अपग्रेड झाल्या दिवशीच स्टार्टमध्ये ‘रिस्टोर पॉइंट’ टाइप करा. सिस्टिम प्रोटेक्शनचा टॅब उघडेल. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ दिसलं, तर ‘कॉन्फिगर’ दाबून चालू करा. खालचा जागेचा स्लायडरही बघा. अगदी डावीकडे असेल तर नवा पॉइंट जुन्याला ढकलून देतो. मी ५ ते १० टक्के ठेवतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीमध्ये, जून २०२५ च्या अपडेटनंतर, पॉइंट फार तर ६० दिवस टिकतात. तेव्हा वर्षापूर्वीच्या पॉइंटवर विसंबू नका. तुमचे फोटो, कागदपत्रं यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

मग लगेच ‘क्रिएट’ दाबा. नाव विचारेल तिथे ‘टेस्ट’ लिहू नका. ‘अपग्रेडनंतर, ड्रायव्हर बदलण्याआधी’ असं लिहा. रिकव्हरीत ती यादी समोर येते तेव्हा नुसत्या तारखेवरून काही उमगत नाही.