काचेमागची अक्षरं

(दृश्य: फोनचा लॉक स्क्रीन, अगदी जवळून)

मागे समुद्राचा फोटो. पुढे नुकत्याच आलेल्या मेसेजची पट्टी. बोटानं पट्टी वर सरकवली, की तिच्या कडेला लाटा वाकतात, भिंगाखाली धरल्यासारख्या. ही काच ॲपलनं ९ जून २०२५ रोजी जगाला दाखवली. नाव, लिक्विड ग्लास: पट्ट्या आणि बटणांचं काचेसारखं नवं रूप. सप्टेंबरमध्ये आयफोनची नवी प्रणाली आयओएस २६ आली आणि ती लोकांच्या हातात पोहोचली. (१८ नंतर थेट २६, कारण आता आकडा वर्षावरून ठरतो.)

तीच हालचाल संथ करून बघू.

पडदा सरकत असताना चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगतं, काही फोनमध्ये १२० वेळा. दर वेळी ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे चित्र रंगवणारी चिप, पट्टीमागचे पिक्सेल उचलतो, त्यांना धूसर करतो, कडेजवळचे वाकवतो, वरून उजेडाची एक रेघ ओढतो. फोन जरा कलता केला की ती रेघही सरकते. इतकं सगळं झाल्यावर, सगळ्यांच्या वर, अक्षरं येतात. कारागिरी म्हणून हे थक्क करणारं आहे, त्यात वाद नाही.

आता नजर फक्त अक्षरांवर ठेवा.

(दृश्य: तीच पट्टी, मागचा फोटो बदलत जातो. रात्रीचं आकाश, वाळू, बर्फ)

आकाशावर पांढरी अक्षरं ठळक आहेत. वाळूवर ती फिकट होतात. बर्फ आला, आता मेसेज वाचून बघा.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १, या मापात याहून जास्त फरक शक्य नाही. वेबसाठीची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वं साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ मागतात, मोठ्या अक्षरांना ३ ला १. डिझायनर दोन रंग निवडतो, गुणोत्तर तपासतो, पुढे जातो. काचेच्या बाबतीत दुसरा रंग त्याच्या हातातच नसतो. तो ठरवतो वापरणाऱ्याचा फोटो. अक्षरांचा रंग आपोआप गडद-फिका करायची सोय लिक्विड ग्लासमध्ये आहे, पण एकाच पट्टीमागे अर्धं आकाश आणि अर्धा बर्फ असेल, तर तिनं कोणाची बाजू घ्यायची?

(दृश्य: चौकटींच्या वहीची पानं)

ही पानं डिझायनर सुझन केअर यांची. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हं त्यांनी चौकटींच्या कागदावर आखली. ३२ आडव्या, ३२ उभ्या. एक चौकट म्हणजे एक पिक्सेल, काळा किंवा पांढरा. राखाडी रंगसुद्धा त्या पडद्याला ठाऊक नव्हता. या अडचणीनं एक मोठं काम फुकटात करून दिलं: प्रत्येक रेषेला २१ ला १ चा फरक आपसूक मिळाला.

पुढे रंग आले. २००० साली मॅकवर ‘ॲक्वा’ नावाच्या रूपाची जेलीसारखी बटणं आली, २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या खिडक्या काचेच्या झाल्या. २०१३ मध्ये आयओएस ७ नं ॲप्समधलं नकली चामडं, शिवण, हिरवी बनात सगळं खरवडून काढलं आणि अक्षरं इतकी बारीक केली की ओरड झाली. तेव्हा सेटिंग्जमध्ये अक्षरं ठळक करणारं ‘बोल्ड टेक्स्ट’चं बटण मिळालं. या वेळी, लिक्विड ग्लासचं काय झालं, ते ओळीनं बघा.

(दृश्य: आयओएस २६ च्या तीन चाचणी आवृत्त्या शेजारी-शेजारी)

डावीकडे जूनमधली काच, जवळजवळ आरपार. मधली जुलैच्या सुरुवातीची, तक्रारींनंतर दुधाळ केलेली. उजवीकडे जुलैच्याच उत्तरार्धातली, पुन्हा बरीचशी पारदर्शक. आपण काय वाचतोय त्यापेक्षा काच किती दिसावी, यावरच ही रस्सीखेच चालली असं ही तीन चित्रं बघून वाटतं. नोव्हेंबरमध्ये आयओएस २६.१ आलं आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवली गेली: क्लिअर (जास्त पारदर्शक) की टिंटेड (जास्त दाट). डिसेंबरमध्ये ॲपलच्या इंटरफेस डिझाइनचे प्रमुख ॲलन डाय फेसबुकच्या मेटा कंपनीकडे जात असल्याची बातमी आली.

ॲप बनवणाऱ्यांना मात्र निवड थोडीच आहे. चिन्हं थरांमध्ये पुन्हा बांधायची, प्रत्येक पट्टी प्रत्येक पार्श्वभूमीवर तपासायची. ॲपच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून जुनं रूप टिकवता येतं, पण ही सवलत तात्पुरती आहे.

(दृश्य: सेटिंग्जमधून फिरणारं बोट)

टिंटेडचा पर्याय ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’मध्ये ‘लिक्विड ग्लास’ या नावाखाली आहे. तेवढ्यानं भागलं नाही, तर ‘ॲक्सेसिबिलिटी’त जा. तिथे ‘डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ’मध्ये ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ आणि ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’ ही दोन्ही बटणं आहेत. घरातल्या वयस्कर माणसाचा फोन हातात आला, तर ती आधी त्यावर चालू करून द्या.