फ्लूची सरासरी पेशी
(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, पेशीच्याच यंत्रणेला कामाला जुंपतो, काही तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात आणि शेवटी पेशी मरते. शाळेपासून आपण हेच चित्र बघत आलोय. चित्र खोटं नाही, पण ते लाखो पेशी एकत्र फोडून, त्या गाळातलं मोजमाप करून काढलेलं आहे. समोर हळदीच्या सौद्यातली मंडळी बसली आहेत, त्यांनाच विचारा. यार्डातली सगळी पोती एकत्र दळून कुणी भाव काढतं का? प्रत्येक वक्कल वेगळं बघायचं, हळकुंड मोडून बघायचं. पेशींच्या बाबतीत ही सोय अलीकडे झाली.

ती कशी, ते सांगतो. एकेक पेशी तेलातल्या एकेका सूक्ष्म थेंबात अडकवतात. त्या थेंबात पेशी फुटली की तिच्यातल्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएला, म्हणजे जनुकाचा निरोप प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणाऱ्या चिठ्ठीला, त्या थेंबाची खूण चिकटते. मग सगळं एकत्र वाचलं तरी चालतं, कारण कुठला संदेश कुठल्या पेशीचा हे खुणेवरून कळतं.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात अॅलिस्टर रसेल, कोल ट्रॅपनेल आणि जेसी ब्लूम यांनी हे फ्लूवर करून बघितलं. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पेशी एकाच जातीच्या, विषाणू एकच, वेळही तीच. तरी बऱ्याच बाधित पेशींत विषाणूचे संदेश एकूण संदेशांच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि मोजक्या पेशींत निम्म्याहून जास्त! म्हणजे त्या पेशीचा अर्ध्याहून अधिक कारभार विषाणूच्या ताब्यात. आता यांची सरासरी काढा. जो आकडा येईल तो यातल्या बहुतेक पेशींना लागूच पडणार नाही.

असं का होतं? फ्लूचा जनुकसंच एकसंध नसतो, त्याचे आठ तुकडे असतात. त्यातले तीन तुकडे प्रती काढणारं यंत्र, म्हणजे पॉलिमरेज, बनवतात. यातला एक जरी कामी आला नाही तरी यंत्र उभं राहत नाही, आणि पेशीत विषाणूची कुजबुज तेवढी राहते. आणि तुकडे गळतात, सर्रास गळतात. २०१९ च्या एका अभ्यासात, एकाच विषाणूने बाधित झालेल्या पेशीत कुठलाही एक तुकडा कामी येण्याची शक्यता सरासरी ०.५८ निघाली. हा आकडा आठ वेळा स्वतःशी गुणा. घरी करू नका, मीच सांगतो: जेमतेम सव्वा टक्का. एकट्या विषाणूची ही गत असेल तर फ्लू पसरतो कसा? बाहेर पडलेले विषाणू शेजारच्याच पेशींवर जाऊन पडतात, एकेका पेशीत तीन-चार जण घुसतात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

पण तुकडे गळण्यावर सगळं खापर फोडता येत नाही. ज्या पेशींत आठही तुकड्यांवरची जनुकं चालू दिसली, त्यांच्यातही प्रचंड तफावत होती. त्याचं पुरतं उत्तर हाती आलेलं नाही आणि मला तरी या विषयातली हीच सर्वांत रंजक जागा वाटते.

आता इंटरफेरॉन. बाधित पेशीने शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी सोडलेलं हे प्रथिन १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना सापडलं, तेही फ्लूच्याच विषाणूवर काम करताना. आपल्याला वाटतं, प्रत्येक बाधित पेशी बोंब ठोकत असेल. तसं नाही, ठोकणाऱ्या फारच थोड्या. कारण विषाणूचं एनएस१ नावाचं प्रथिन पेशीचं तोंड दाबून धरतं. ब्लूम यांच्याच गटाने पुढे दीडशे पेशींतल्या विषाणूंची जनुकं अक्षर न् अक्षर वाचली. एनएस१ बनवणारा एनएस तुकडा नसलेले किंवा ठरावीक बिघाड असलेले विषाणू जास्त वेळा पकडले जातात, असं दिसलं. तरी तोच बिघाड असलेल्या दोन पेशींत एक ओरडते, दुसरी गप्प राहते.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: “सर, घरात मला साधी सर्दी आणि यांना आठ दिवस ताप, ते यामुळेच का?” नाही हो ताई. तुमच्या श्वासमार्गात पेशीच इतक्या आहेत, की एकदा लागण फैलावली की हे चढउतार एकमेकांत मिटून जातात. माणसामाणसातला फरक वय, आधीची प्रतिकारशक्ती, लस, इतर आजार यांवर जास्त ठरतो. मात्र सुरुवातीचे काही तास वेगळे. घरात एकाचा फ्लू दुसऱ्याला होताना टिकून वाढणारे विषाणू अनेकदा एक-दोनच असतात. तेव्हा त्या पहिल्या पेशीत काय घडतं, याला वजन असू शकतं.