दहा दिवसांचं औषध कशासाठी?

नाशिकमध्ये मुलाचा घसा धरला की पहिला आळ द्राक्षांवर येतो. निफाडचा पारा उतरलेला असतो, बाजारात द्राक्षं आलेली असतात, आणि आजी म्हणते, 'आंबट खाल्लंस ना!' द्राक्षं निर्दोष आहेत. टॉन्सिलला सूज आणतात ते बहुतेक वेळा विषाणू, काही वेळा स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू. दोन्ही येतात बाकावरच्या शेजाऱ्याच्या खोकल्यातून, नाहीतर त्याच्या उष्ट्या बाटलीतून.

यातलं कोणतं, हे ओळखायचं कसं? नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर विषाणू धरून चाला. अँटिबायोटिकचा तिथे उपयोग नाही. याउलट 5 ते 15 वर्षांचं मूल, ताप 100.4 च्या वर, जबड्याखाली दाबलं की दुखणाऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि खोकला अजिबात नाही, असं असेल तर स्ट्रेपचा संशय घ्यायचा. नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांवर जाऊ नका, ते विषाणूंनीही येतात. खात्री घशाच्या स्वॅबनेच होते.

आता मुद्द्याचं. स्ट्रेपचा घसासुद्धा औषधाशिवाय आठवड्याभरात बहुधा बरा होतो. मग पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन 10 दिवस का? हृदयासाठी. या जिवाणूंविरुद्ध शरीर जी फौज उभी करते, ती काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. झडप एकदा आकसली की ते जन्माचं दुखणं. दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हे टळतं. म्हणजे एक दिवस थांबून तपासणी करायला वेळ आहे. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बाटली फ्रिजमागे सारायला मात्र नाही. दुकानातून परस्पर आणलेलं अझिथ्रोमायसिनचं तीन गोळ्यांचं पाकीट हा या औषधाला पर्याय नव्हे. ते औषध मुख्यतः पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी, आणि तेही डॉक्टरांनी ठरवायचं.

तापाला पॅरासिटामॉल वजनावर द्या: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. गफलत होते ती सिरपच्या ताकदीत. 15 किलोच्या मुलाला 200 मिलिग्रॅम द्यायचे, तर 5 मिलीत 250 असलेल्या बाटलीतून 4 मिली, आणि 125 च्या बाटलीतून 8 मिली. लेबल वाचा. ॲस्पिरिन मुलांना नकोच. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, पण ज्याला गुळणी थुंकता येते त्यालाच. थंड ताक किंवा आइस्क्रीम चालतं, त्याने घसा बधिर होऊन मूल निदान काहीतरी गिळतं.

तोंड उघडेना, लाळ गळतेय, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा आणि पडजीभ एका बाजूला ढकललेली, तर टॉन्सिलमागे पू साचलाय. त्याच रात्री दवाखाना गाठा. करडा, चिकटलेला पापुद्रा दिसला तर घटसर्पाची शंका घ्या. दीड आणि पाच वर्षांचे बूस्टर चुकलेल्या मुलांना त्याचा धोका जास्त.

टॉन्सिल नुसते मोठे दिसतात म्हणून काढत नाहीत. वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं 5-5 वेळा घसा धरल्याची नीट नोंद असेल, नाहीतर झोपेत श्वास अडकत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. नंतर त्या जागी येणारा पांढरा थर पू नसतो, खपली असते. ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी सुटते. तेव्हा थुंकीत लाल रक्त दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.